वालचंदशेठ आणि पंधरा निषिद्ध धंदे

जैन गृहस्थाने कोणते धंदे करू नयेत याची एक जुनी यादी आहे. तीत पंधरा धंदे येतात. कोळसा पाडणे, जंगल तोडून विकणे, गाड्या बनवून विकणे, गाड्या भाड्याने चालवणे, जमीन आणि खडक फोडणे, हस्तिदंताचा व्यापार, विषाचा व्यापार, यंत्रात तीळ किंवा ऊस पिळणे, रानाला आग लावणे, तळी आटवणे अशी ती पुढे चालत जाते. या धंद्यांना ‘कर्मादान’ म्हणतात. हे करताना जीवहिंसा टळत नाही, म्हणून कर्माचा गाळ आत्म्यावर दाट बसतो, असा त्यामागचा विचार. गाड्या बनवण्याला ‘शकटकर्म’, भाड्याने चालवण्याला ‘भाटककर्म’, खडक फोडण्याला ‘स्फोटकर्म’ आणि पिळण्याला ‘यंत्रपीडन’ अशी भारदस्त नावे आहेत. यंत्रपीडनात काय काय येते ते सांगताना बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी उसाचे नाव स्पष्ट घेतले आहे.

आता वालचंद हिराचंद दोशी यांच्या आयुष्यावर नजर टाकावी. भोरघाटात रेल्वेचे बोगदे खणले. आगबोटींची कंपनी काढून माल आणि माणसे भाड्याने वाहिली. रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात ऊस लावून तो गाळला. आणि शेवटी कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. पंधरांतले चार धंदे एकाच माणसाच्या नावावर, आणि तो माणूस सोलापूरच्या नावाजलेल्या दिगंबर जैन घराण्यातला. वडील हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ हे नियतकालिक काढणारे, समाजात धर्मशिक्षण वाढावे म्हणून झटणारे गृहस्थ. म्हणजे घरात ही यादी कुणाला ठाऊक नव्हती, असे म्हणायला जागा नाही.

मग या गोष्टीचा अर्थ काय लावायचा? यादी खोटी होती, की शेठजी अधर्मी होते, की प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जात होता?

उत्तर शोधण्याआधी वालचंदांच्या नावाच्या गावाकडे जाऊ. बारामतीलगतचे जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. तिथून इंदापूरच्या रस्त्याला लागले की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे करत माणूस जंक्शनला पोचतो. जंक्शन हे इथल्या गावाचेच नाव. तिथे वळले की वालचंदनगर. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर कळंबच्या परिसरात उसाची शेती सुरू झाली, वालचंदांच्या मंडळींनी ती हातात घेतली आणि १९३०च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा राहिला. त्याभोवती शाळा, दवाखाना, कामगारांची कॉलनी असे गाव वसले. साखर कारखान्याची यंत्रे बनवता बनवता इथल्या कार्यशाळेचा हात इतका बसला, की पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे मोटर केसिंग याच गावातून जाऊ लागले. ऊस पिळायच्या यंत्रापासून आकाशात जाणाऱ्या वाहनापर्यंत एकाच गावाची मजल गेली. यादी करणाऱ्या आचार्यांना हे वाहन कोणत्या कलमात बसवावे असा पेच पडला असता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा, म्हणजे जैन गृहस्थाला चालेल असा. गादीवर बसावे, वही राखावी, व्याज मोजावे. यात कुणाच्या मानेवर जू नाही की कुठे सुरुंगाचा आवाज नाही. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले, पदवी मात्र हाती आली नाही. घरच्या गादीत मन रमेना, तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. ब्राह्मण कारकून आणि जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळी अनेकांच्या भुवया उंचावणारी ठरली असणार.

पुढे १९१६-१७ मध्ये मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ भारतातल्या धर्मांवर लिहीत होता. जैनांबद्दल त्याचे निरीक्षण मार्मिक होते. प्रामाणिकपणा, काटकसर, बचत हे सगळे गुण जैनांत आहेत, युरोपातल्या प्रॉटेस्टंट पंथीयांशी ताडून बघावे असे आहेत. पण अहिंसेच्या बंधनांमुळे ते व्यापारात आणि सावकारीत अडकून पडले, कारखानदारीकडे वळू शकले नाहीत, असे त्याने मांडले. हे छापून फार काळ लोटला नव्हता, तोच ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेली ही बोट सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची होती आणि त्या कंपनीच्या मागे नरोत्तम मोरारजींबरोबर वालचंदही होते. आज हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. वेबर १९२० मध्ये वारला. आपले मत बदलायची संधी त्याला मिळाली नाही.

मोटारीचे स्वप्न नंतरचे. तीसच्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी देशात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते तोवर तिला सरकारी सहानुभूती होती. वालचंद त्या योजनेमागे हात धुऊन लागले आणि अमेरिकेत जाऊन तिथल्या बड्या मोटार कंपन्यांची दारे त्यांनी ठोठावली. १९३९ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या क्लिपर विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी पडली. निघाले होते मोटारीसाठी, आणि डोक्यात घेऊन परतले विमानाचा कारखाना. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. मोटार मात्र मागेच राहिली. महायुद्ध पेटले, काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली आणि ब्रिटिश सरकारने मोटार कारखाना युद्धाला आवश्यक मानायला नकार दिला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि क्रायस्लरशी केलेल्या करारावर १९४७ मध्ये कुर्ल्याहून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या.

या गाड्यांचे आराखडे ना वालचंदांचे होते ना कुणा मराठी कारागिराचे. ते डेट्रॉइटहून आले. वालचंदांनी रचना केली ती कारखान्याची. आणि स्वातंत्र्याच्या वर्षी या देशात घरची मोटार असणे म्हणजे संस्थानिक, गिरणीमालक आणि बडे बॅरिस्टर यांच्यातला मान. चैनीची वस्तू म्हणून तिच्याकडे बोट दाखवायला कुणाला विचार करावा लागत नव्हता.

आता धर्माच्या अंगाने बघू. शकटकर्म वर्ज्य का? गाडी चालवायची म्हणजे बैल जुंपायचे. त्यांच्या खांद्याला जू घासते, पाठीवर आसूड पडतो, चाकाखाली किडामुंगी चिरडते. बैलाचे दुःख हे त्या बंदीचे एक मोठे कारण. मोटारीने तर बैलालाच मोकळे केले! कुर्ल्याच्या डॉज ट्रकने जितक्या बैलांच्या माना सोडवल्या असतील, तितक्या कुठल्या प्रवचनाने सोडवल्या असतील का, हे शंकास्पद आहे. म्हणजे नियमाचे शब्द मोडले तरी त्याचा हेतू साधला, असे वालचंदांच्या वकिलाला म्हणता येईल. पण दुसऱ्या बाजूचा वकील लगेच धूर, अपघात, भट्टीतले लोखंड, डोंगर फोडून केलेले रस्ते पुढे करील, आणि तोही चुकीचा ठरणार नाही.

या वादावर एका दिगंबर पंडिताने सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच तोडगा सांगून ठेवला आहे. पंडित आशाधर हे तेराव्या शतकातले, गृहस्थधर्मावरचा ‘सागारधर्मामृत’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांनी पंधरा धंद्यांची ही यादी दिली आणि तिच्यावर शेराही मारला. जगात सदोष धंदे इतके आहेत की त्यांची मोजदाद होणार नाही, म्हणून अशी यादी करणे ठीक नाही. फार तर मंदबुद्धीच्या माणसाला समजावे म्हणून ती सांगावी, असा त्या शेऱ्याचा आशय. धर्मग्रंथात इतका रोखठोक शेरा क्वचित सापडतो. यादीत नाव आहे की नाही यावर पापपुण्य ठरवत बसू नका, हे आशाधर सांगतात, आणि वालचंदांचा खटला निदान या कलमाखाली निकालात निघतो.

पण सुटका झाली असे समजू नये. दुसरे कलम जास्त कडक आहे आणि तिथे चैनीचा खरा प्रश्न येतो.

जैन गृहस्थाच्या पाच अणुव्रतांत शेवटचे व्रत परिग्रह-परिमाणाचे. साधूला काहीच जवळ ठेवता येत नाही. गृहस्थाला ठेवता येते, पण किती ठेवणार ते त्याने आधी सांगायचे. ‘उपासकदशांग’ या श्वेतांबर आगमात आनंद नावाच्या श्रावकाची कथा आहे. महावीरांसमोर त्याने व्रत घेतले आणि आपले आकडे जाहीर केले. चार कोटी सोन्याची नाणी ठेवीत, चार कोटी व्याजात, चार कोटी घरसंसारात; दहा-दहा हजार गाईंचे चार कळप; पाचशे नांगर. वाहनांचाही आकडा आहे. दूरच्या प्रवासाला पाचशे गाड्या आणि मालवाहतुकीला पाचशे, प्रवासाला चार जहाजे आणि मालाला चार. यापलीकडे एकही नको.

आजचा वाचक इथे हसेल. हजार गाड्या आणि आठ जहाजे बाळगणाऱ्याला कुणी व्रतस्थ म्हणावे? पण व्रताचा जोर संपत्तीच्या आकारावर नाहीच. तो थांबण्यावर आहे, आणि हाव सुटण्याच्या आधी तोंडाने आकडा सांगून टाकण्यावर आहे. हजार गाड्यांवर थांबलेला आनंद या हिशेबाने पास होतो. एकच गाडी असूनही शेजाऱ्याच्या दुसऱ्या गाडीवर डोळा ठेवून बसलेला माणूस नापास होतो. उमास्वाती या जैन आचार्यांनी परिग्रहाची व्याख्याच वस्तूवर न ठेवता आसक्तीवर ठेवली आहे. गांधीजींनी ज्यांना आपल्या आध्यात्मिक जीवनात मोठे स्थान दिले ते श्रीमद राजचंद्र मुंबईत हिऱ्या-मोत्यांचा व्यापार करत. लाखांचा सौदा आटोपला की त्यांची धर्मचिंतनाची वही उघडायची, हे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. मोत्यांहून चैनीची वस्तू कोणती?

समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या व्रताचे पाच दोष सांगितले आहेत आणि ते वाचताना आजचा माणूस दचकतो. पहिला दोष अतिवाहन, म्हणजे लोभापायी जनावराला झेपेल त्याहून जास्त दूर हाकणे. दुसरा अतिसंग्रह. तिसरा विस्मय: दुसऱ्याची बरकत बघून चकित होणे, ती जिवाला लावून घेणे. चौथा लोभ. पाचवा अतिभारवहन, झेपेल त्याहून जास्त लादणे. पाचांतले दोन दोष वाहनाशी बांधलेले आहेत. आणि तिसरा, विस्मयाचा दोष, तर आलिशान मोटारीच्या धंद्याचा प्राणच आहे.

हे समजायला थोडे अमेरिकेत जावे लागेल. हार्ले अर्ल हा १८९३ मध्ये हॉलिवूडला जन्मलेला माणूस. वडिलांचा घोडागाड्या बनवायचा कारखाना होता. पुढे तिथे सिनेमातल्या नटांसाठी खास मोटारी सजवून मिळू लागल्या. कॅडिलॅकच्या लोकांनी त्याला डेट्रॉइटला नेले आणि १९२७ मध्ये ‘लासाल’ ही गाडी त्याच्या हातून उतरली. तोवर मोटारीचे रूप अभियंते ठरवत. इंजिन कुठे, चाके कुठे, बाकी पत्रा जमेल तसा. मोठ्या कंपनीत केवळ रूप घडवायला स्वतंत्र खाते असावे ही कल्पना जनरल मोटर्समध्ये अर्लच्या हाताखाली उभी राहिली. तो पूर्ण मापाच्या गाड्या चिकणमातीत घडवून घेई. गाडी दिसायला लांब आणि बसकी असली पाहिजे, हे त्याचे आयुष्यभराचे वेड. १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला त्याने लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले दोन पंख उठवले. दरवर्षी ते थोडे थोडे वाढत गेले आणि १९५९ च्या एल्डोराडोवर कळसाला पोचले. त्या पंखांचा चालण्याशी काडीचा संबंध नव्हता.

अर्लचा आणि त्याच्या कंपनीचा खरा शोध पंखांचा नव्हे. तो शोध म्हणजे दर वर्षी रूप बदलण्याचे वेळापत्रक. गेल्या वर्षीची गाडी चालत असते, यंत्र ठणठणीत असते, पण नवीन रूप रस्त्यावर आले की मालकाला ती जुनाट वाटू लागते. हे ‘वाटणे’ पैसे खर्चून तयार करायचे. समंतभद्रांनी ज्याला व्रतातला दोष म्हटले त्याच्यासाठी विसाव्या शतकात स्वतंत्र खाते, कलावंत आणि अंदाजपत्रक उभे राहिले. अर्लच्या कलेला कमी लेखायचे कारण नाही; ‘लासाल’ची रेषा आजही बघत राहावी अशी आहे. मात्र ज्या व्रताचे म्हणणे ‘इथे थांबतो’ एवढेच आहे, त्याच्यासमोर ही कला उघडपणे विरोधी पक्षात बसते.

सौंदर्यालाच धर्माचा विरोध आहे असा याचा अर्थ नव्हे. जैनांइतके देखणे वैभव उभारणारे लोक या देशात थोडे. अबूच्या संगमरवरी मंदिरांमागे राजांचे मंत्री आहेत. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी मराठीतल्या जुन्या शिलालेखांपैकी एक आहे आणि तो काय सांगतो, तर मूर्ती चामुंडरायाने करवली. ज्याने राज्य, वस्त्र, सगळे टाकले त्याच्या पायाशी करवणाऱ्याचे नाव! वैभव देवाच्या नावाने झाले तर त्याचा दोष जातो, ही जुनी पळवाट आहे, आणि चांगली कला बऱ्याचदा याच पळवाटेने जगली आहे. वालचंदांच्या पुढच्या पिढीत त्यांचे पुतणे विनोद दोशी यांनी प्रीमियर सांभाळली आणि विनोद यांच्या पत्नी सरयू दोशी यांनी जैन चित्रकलेवर मोलाचे काम केले. एका घरात मोटार आणि पोथीतले सोनेरी चित्र शेजारी नांदले.

कुर्ल्याच्या मोटारीचे पुढे काय झाले ते या प्रश्नाच्या दृष्टीने मजेदार आहे. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे वालचंद वारले. त्याच वर्षी जिनिव्हात फियाटची नवी ‘११००’ लोकांसमोर आली होती. डान्ते जियाकोसा हे या घराण्याच्या गाड्यांमागचे अभियंते. इटलीच्या अरुंद गल्ल्यांत मावेल, कमी पेट्रोल पिईल, कुटुंब बसेल अशी गाडी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १९५४ मध्ये ती प्रीमियरमार्फत भारतात आली. हीच पुढे बदलत बदलत १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. पद्मिनीच्या मागच्या मडगार्डावर दिव्यापाशी जे छोटे उंचवटे दिसत, ते अर्लच्या पंखांचे दूरचे नातेवाईक. डेट्रॉइटची फॅशन तुरीनमार्गे कुर्ल्याला पोचली आणि तिथेच थिजली. परवाना-राज्यात नवी गाडी काढायला परवानगी मिळेना, स्पर्धा नव्हती, गिऱ्हाइके रांगेत उभी होती. त्यामुळे दशके उलटली तरी गाडीचा चेहरा तोच. दर वर्षी रूप बदलण्याचे अर्लचे वेळापत्रक भारत सरकारने हाणून पाडले. यात व्रत कुणाचेही नव्हते. रांगेत नंबर लावून आठ-दहा वर्षांची वाट बघणारा माणूस अपरिग्रही नसतो, तो फक्त नाइलाजाने थांबलेला असतो.

मुंबईत पद्मिनी शेवटी टॅक्सी म्हणूनच उरली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. कधीकाळी लग्नात सजवून आणायची ही गाडी पुढे घाटकोपर ते कुर्ला शेअरने धावली. चैन आणि गरज यांच्यातली सीमा वस्तूत नसते हे यावरून दिसते. तीच वस्तू दोन्ही बाजूंना राहून आली.

इकडे इंदापूर तालुक्यात मर्यादेचा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. वालचंदनगरच्या उसाला हजारो एकर जमीन लागली, तिच्यातली बरीच आसपासच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली. शेतकऱ्याला वर्षाचा खंड मिळायचा आणि रान कंपनीच्या ताब्यात जायचे. कालव्याच्या पाण्याने कंपनीच्या रानात ऊस डोलू लागला. खंड मात्र ठरलेला तोच. किती जमिनीवर थांबायचे हे कंपनीने कधी जाहीर केले नाही. ते काम १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने केले. आनंद श्रावकाने महावीरांसमोर स्वतःहून सांगितलेला आकडा इथे विधिमंडळाने सांगितला. साखर कंपन्यांची जादा जमीन सरकारने काढून घेतली आणि १९६३ मध्ये ती कसायला शेती महामंडळ स्थापन केले. वालचंदनगरचे मळे महामंडळाकडे गेले.

यातली गोम अशी, की जमीन मूळ मालकाकडे परत गेली नाही. कंपनीचा परिग्रह सरकारचा परिग्रह झाला. खंडकरी शेतकरी मोर्चे काढत राहिले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. दोन-तीन पिढ्या त्यात गेल्या आणि या शतकात कुठे जमिनी परत मिळू लागल्या. कायद्याने लादलेल्या मर्यादेला व्रताची सर येत नाही, कारण लादणाराही हावेतून सुटलेला नसतो. आणि तरीही ती मर्यादा आलीच नसती तर खंडकऱ्याच्या हाती काय लागले असते, हेही विचारावे लागते. व्रत घेणारा शेठ भेटला नाही तर गरिबाने कायद्याशिवाय कशाची वाट बघायची?

याच रस्त्याने दरवर्षी आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी जाते. बारामतीला मुक्काम, काटेवाडीला परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, मग सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. तुकोबा हेही वाण्याच्या घरातले, सावकारी करणारे. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत केला, असे परंपरा सांगते. आनंद श्रावक मोजून थांबला, तुकोबांनी मोजणेच सोडले. इतका मोठा फरक या दोन परंपरांत आहे, आणि वारकरी मनाला दुसरी वाट जास्त जवळची वाटते. पण ज्यांनी सोने परत पाठवले त्यांच्या पादुका आज चांदीच्या रथातून जातात. रथ ओढायचा मान कोणाच्या बैलजोडीला मिळणार यावरून गावोगावी चर्चा होते, आणि जोडी निवडली गेली की बैलांच्या मालकाचा ऊर भरून येतो. याला ढोंग म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. भक्ताला आपल्या देवासाठी थांबता येत नाही, हा चामुंडरायाचाच किस्सा.

पालखी पुढे गेली, दिवाळी आली की याच रस्त्यावर वेगळी वाहने दिसू लागतात. भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणारी टायरची बैलगाडी जवळून बघावी. मोळ्यांवर मोळ्या रचून कासऱ्याने आवळलेल्या, वरती वाढ्यांचा भारा, त्यावर कोयता खोचून बसलेली बाई, तिच्या मांडीवर पोर. चढ आला की बैलांचे खूर डांबरावर घसरतात आणि गडी जुवाला खांदा लावतो. वजन काट्यावर टनात मोजले जाते आणि मजुरी टनावर मिळते, म्हणून गाडी भरता येईल तितकी भरायची. अतिवाहन आणि अतिभारवहन हे दोन्ही दोष एकाच गाडीवर बसून चालले आहेत, पण तो लोभ गाडीवानाचा नाही. बीडकडून आलेल्या त्या माणसाने आधीच उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. समंतभद्रांचे कलम लावायचे तर ते टनाचा दर ठरवणाऱ्यांना लावावे लागेल.

जळोचीच्या उपबाजारात सकाळी भाजीच्या क्रेटनी भरलेल्या आपे रिक्षा येतात. ही आपे बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात बनते. कोराडिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा रेखाटली, तिच्यावरून १९४८ मध्ये ही तीनचाकी निघाली. युद्धाने खंगलेल्या इटलीला चैन परवडत नव्हती, म्हणून गरजेपुरते वाहन झाले. त्याच बारामतीतून आज व्हेस्पाही बाहेर पडते आणि ती इथे हौसेची दुचाकी म्हणून विकली जाते. हौदाची आपे गरजेची, तिची बहीण हौसेची, कारखाना एकच.

वालचंदांचा हिशेब करायचा तर तो पंधरा धंद्यांच्या यादीवर करू नये. बोट, बोगदा, साखर, मोटार यांनी या देशाचे हात मोकळे केले आणि जैन माणूस कारखाना काढू शकत नाही हे वेबरचे म्हणणे त्यांनी खोडून काढले. त्या कलमावर ते निर्दोष आहेत. परिग्रहाच्या कलमावर मात्र त्यांना सोडता येत नाही. विमान मिळाले तरी मोटार हवी, मोटार मिळाली तरी पुढचे काही हवे, जमीन आहे तरी आणखी खंडाने हवी. ‘इथे थांबतो’ हे वाक्य त्यांच्या उद्योगाच्या इतिहासात सापडत नाही. देशाला त्यांच्या या न थांबण्याचा फायदा झाला आणि कळंब परिसरातल्या खंडकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. पुतळ्याखालच्या पाटीवर पहिली लिहून दुसरी गाळू नये.

आणि दसऱ्याला नवी गाडी काढून पूजेला मोरगावला न्यायचा बेत असेल, तर चाकाखाली लिंबू ठेवण्याच्या आधी एक काम करावे. आपल्याला किती बास आहे तो आकडा आनंद श्रावकासारखा घरीच कागदावर लिहून काढावा आणि कागद खिशात घालून शोरूमला जावे. तिथला माणूस तुमच्या विस्मयाचे काम पगारावर करतो.